विशेषज्ञ डॉक्टरांचे वेतन आणि त्याची मूल्यनिश्चिती : ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्यसेवेचा ऐतिहासिक अभ्यास (१९४८ ते २०२४)

प्रस्तावना

वैद्यकीय क्षेत्रातील विशेषज्ञांचे उत्पन्न हा समाजात नेहमीच कुतूहलाचा आणि अनेकदा टीकेचा विषय राहिला आहे. हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरास अधिक आणि वृद्धांवर किंवा मनोरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरास कमी पैसे का मिळतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः कौशल्य, शिक्षणाचा कालावधी किंवा मागणी-पुरवठा या शब्दांत दिले जाते. हे घटक महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. तथापि, एकाच मालकाने सर्व शाखांच्या विशेषज्ञांना एकच वेतनश्रेणी लागू केली, तर ही तफावत नाहीशी होते काय? ब्रिटनमध्ये १९४८ साली नेमका हाच प्रयोग झाला. त्यामुळे विशेषज्ञांच्या वेतनाची जडणघडण तपासण्यासाठी ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्यसेवेचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो.

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करून या वेतनव्यवस्थेचा मागोवा घेतला आहे. विशेषज्ञाचे उत्पन्न त्याच्या कामापेक्षा त्या कामाचे मोल कोण ठरवितो यावर अधिक अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१९४८ पूर्वीची स्थिती

राष्ट्रीय आरोग्यसेवा स्थापन होण्यापूर्वी इंग्लंड व वेल्समधील रुग्णालयांचे दोन प्रमुख प्रकार होते. देणग्यांवर चालणारी स्वयंसेवी रुग्णालये १,१४३ होती व त्यांत सुमारे ९० हजार खाटा होत्या. स्थानिक स्वराज्य संस्थांची रुग्णालये १,५४५ असून त्यांत सुमारे ३ लाख ९० हजार खाटा होत्या. प्रतिष्ठा मात्र खाटांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात होती. नामांकित विशेषज्ञ स्वयंसेवी रुग्णालयांत काम करीत आणि बहुतांशी विनावेतन करीत. त्यांना 'मानद' डॉक्टर म्हटले जाई. रुग्णालयातील गरिबांवर केलेल्या उपचारांतून त्यांना नाव, अनुभव व विद्यार्थी मिळत, तर उत्पन्न लंडनच्या हार्ले स्ट्रीटसारख्या ठिकाणच्या खाजगी व्यवसायातून मिळे.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, विशेषज्ञ श्रीमंत रुग्ण असतील तेथेच स्थिरावले. लहान गावांत अनेक शस्त्रक्रिया सामान्य वैद्यकीय व्यावसायिकच करीत असत. दुसरा असा की, ज्या शाखेला पैसे देणारा रुग्ण नाही, त्या शाखेत विशेषज्ञ निर्माण होणेच कठीण झाले. भूलतज्ज्ञाचे काम बहुधा सामान्य डॉक्टर जोडकाम म्हणून करी. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले वृद्ध जुन्या गरीबखान्यांच्या दवाखान्यांत पडून असत. १९३५ पासून मार्जोरी वॉरन यांनी वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात अशा वृद्धांची पद्धतशीर तपासणी, वर्गीकरण व पुनर्वसन सुरू केले. तेव्हा या कामास स्वतंत्र वैद्यकशाखा मानण्यास फारसे कोणी तयार नव्हते.

१९३९ साली युद्ध सुरू होताच सरकारने आपत्कालीन वैद्यकीय सेवा उभारली आणि अनेक मानद विशेषज्ञांना रुग्णालयातील कामाबद्दल प्रथमच शासकीय वेतन मिळाले. पगारी विशेषज्ञ ही कल्पना त्यानंतर परकी राहिली नाही.

स्पेन्स समिती आणि समान वेतनश्रेणी

राष्ट्रीय आरोग्यसेवा कायदा १९४६ साली संमत झाला व सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने फेब्रुवारी १९४८ मध्ये घेतलेल्या मतदानात डॉक्टरांनी प्रचंड बहुमताने या योजनेला विरोध केला होता. आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी ही कोंडी फोडण्यासाठी विशेषज्ञांना अनुकूल करून घेतले. त्या कामी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे अध्यक्ष लॉर्ड मोरन यांचे सहकार्य निर्णायक ठरले. विशेषज्ञांची तोंडे आपण सोन्याने भरली, अशा आशयाचे उद्गार बेव्हन यांनी पुढे काढल्याचे सांगितले जाते.

हे सोने कोणत्या स्वरूपात दिले गेले, हे समजण्यासाठी सर विल स्पेन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा १९४८ चा अहवाल पाहावा लागतो. समितीने दोन शिफारशी केल्या. पहिली, सर्व शाखांतील वरिष्ठ विशेषज्ञांना, ज्यांना तेथे कन्सल्टंट म्हणतात, एकच मूळ वेतनश्रेणी असावी. ही श्रेणी पूर्णवेळ विशेषज्ञासाठी वार्षिक १,७०० पौंडांपासून २,७५० पौंडांपर्यंत ठरली. मेंदूची शस्त्रक्रिया करणारा व वृद्धांचा विभाग सांभाळणारा, दोघेही कागदोपत्री समान झाले.

या समानतेचे परिणाम दूरगामी होते. इंग्लंड व वेल्समधील चौदा प्रादेशिक रुग्णालय मंडळांनी पगारी पदे निर्माण केली आणि खाजगी व्यवसायाची शक्यता नसलेल्या औद्योगिक गावांतही विशेषज्ञ जाऊ लागले. भूलशास्त्राला शल्यचिकित्सेच्या बरोबरीचे वेतन मिळाले. त्याच १९४८ साली रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये भूलशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली. वृद्धरोगशास्त्रातही विशेषज्ञांची पदे निर्माण झाली. बाजाराने ज्या शाखांना पोसले नव्हते, त्या शाखा एका वेतनश्रेणीने उभ्या केल्या, असे म्हणता येईल.

गुणवत्तेचे गुप्त मोजमाप

समितीची दुसरी शिफारस पहिलीच्या अगदी विरुद्ध दिशेने जाणारी होती. असामान्य कर्तृत्वाच्या विशेषज्ञास मूळ वेतनाखेरीज 'डिस्टिंक्शन अवॉर्ड' द्यावे, असे सुचविण्यात आले. त्याच्या तीन पायऱ्या ठरल्या. ४ टक्के विशेषज्ञांना वार्षिक २,५०० पौंड, १० टक्क्यांना १,५०० पौंड आणि २० टक्क्यांना ५०० पौंड. म्हणजे सुमारे एकतृतीयांश विशेषज्ञांना हा लाभ मिळणार होता. सर्वोच्च श्रेणीच्या पुरस्काराने कमाल मूळ वेतन असलेल्या डॉक्टराचे उत्पन्न २,७५० वरून ५,२५० पौंडांवर, म्हणजे जवळजवळ दुपटीवर जाई. ही रक्कम निवृत्तिवेतनासाठीही हिशेबात धरली जाई.

पुरस्कार कोणास द्यावयाचा हे ठरविणारी समिती प्रामुख्याने डॉक्टरांचीच होती व तिचे पहिले अध्यक्ष लॉर्ड मोरन होते. पुरस्कार सार्वजनिक निधीतून दिले जात, परंतु मानकऱ्यांची नावे दीर्घकाळ गुप्त ठेवली गेली. या गुप्ततेचे समर्थन असे की, नावे जाहीर झाल्यास रुग्ण पुरस्कारप्राप्त डॉक्टरांकडेच धाव घेतील. हा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. परंतु निकष व निकाल दोन्ही झाकलेले असल्याने ओळखीपाळखीला वाव राहिला. अध्यापन रुग्णालयांतील आणि हृदय, मेंदू अशा प्रतिष्ठित शाखांतील डॉक्टरांच्या वाट्याला पुरस्कार अधिक आले. वृद्धरोगशास्त्र व मानसोपचार या शाखा मागे राहिल्या. समान वेतनश्रेणीने पुढच्या दाराने बाहेर घालविलेली उतरंड मागच्या दाराने परत आली.

ही उतरंड केवळ विशेषज्ञांपुरती मर्यादित नव्हती. डॉक्टर व दंतवैद्य यांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी १९५७ साली सर हॅरी पिल्किंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. १९५८ साली त्यापुढे साक्ष देताना लॉर्ड मोरन यांनी विशेषज्ञपदाची तुलना शिडीशी केली व त्या शिडीवरून खाली पडलेले ते सामान्य डॉक्टर, असा आशय मांडला. सामान्य डॉक्टरांत यावर तीव्र संताप उसळला. ज्या व्यक्तीने विशेषज्ञांच्या गुणवत्तेची किंमत पौंडांत ठरविली, तिचीच वैद्यकव्यवसायाकडे पाहण्याची दृष्टी या साक्षीतून प्रकट झाली. आयोगाने १९६० मध्ये अहवाल दिला. त्यानंतर डॉक्टरांच्या वेतनाबाबत शिफारशी करणारे स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळ अस्तित्वात आले.

खाजगी व्यवसायाची सवलत

वेतन व पुरस्कार यांच्या जोडीला तिसरा घटक होता खाजगी व्यवसाय. बेव्हन यांनी अर्धवेळ सेवा करणाऱ्या विशेषज्ञांना खाजगी रुग्ण पाहण्याची मुभा दिली आणि शासकीय रुग्णालयांतच खाजगी रुग्णांसाठी सशुल्क खाटा ठेवल्या. शल्यचिकित्सक, नेत्रतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ यांना या सवलतीचा लाभ मोठा होता, कारण त्यांच्या शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षायादी असे आणि यादी टाळण्यासाठी पैसे देणारा रुग्णही असे. वृद्धरोगतज्ज्ञाला असा रुग्ण क्वचितच मिळे. एकाच श्रेणीत वेतन घेणाऱ्या दोन डॉक्टरांच्या प्रत्यक्ष उत्पन्नात यामुळे मोठे अंतर पडले.

हा प्रश्न १९७४ साली ऐरणीवर आला. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील कर्मचाऱ्यांनी खाजगी विभागातील रुग्णांना सेवा देण्यास नकार दिला. आरोग्यखात्याच्या मंत्री बार्बरा कासल यांनी सशुल्क खाटा हटविण्याचे धोरण पुढे रेटले, तर विशेषज्ञांनी १९७५ च्या प्रारंभी केवळ कराराबरहुकूम काम करण्याचे आंदोलन केले. १९७६ च्या कायद्याने सुमारे एक हजार सशुल्क खाटा कमी केल्या. परंतु १९८० च्या नव्या करारान्वये पूर्णवेळ विशेषज्ञासही आपल्या एकूण वेतनाच्या १० टक्के मर्यादेपर्यंत खाजगी उत्पन्न मिळविण्याची परवानगी मिळाली. तत्त्वासाठी सुरू झालेल्या लढ्याचा शेवट उत्पन्नाचे नवे दार उघडण्यात झाला.

स्थलांतरित डॉक्टर आणि दुर्लक्षित शाखा

ज्या शाखांत पुरस्कार कमी व खाजगी उत्पन्न नगण्य, त्या शाखांकडे ब्रिटिश पदवीधर सहसा वळले नाहीत. ही पोकळी भारत, पाकिस्तान, श्रीलंका आदी देशांतून गेलेल्या डॉक्टरांनी भरून काढली. शस्त्रक्रिया वा सामान्य वैद्यकशास्त्रात वरिष्ठ पद मिळविण्याच्या आकांक्षेने गेलेल्या अनेकांना तेथे प्रवेश मिळाला नाही व ते वृद्धरोगशास्त्र, मानसोपचार अशा शाखांत स्थिरावले. एफ.आर.सी.एस. किंवा एम.आर.सी.पी. करण्यासाठी मुंबई-पुण्याहून विलायतेस गेलेल्या मराठी डॉक्टरांच्या पिढ्यांनाही ही व्यवस्था अपरिचित नव्हती. ब्रिटनमधील वृद्धांच्या उपचारांची मोठी जबाबदारी या मंडळींनी पेलली. त्यांचे वेतन कागदोपत्री समान होते. पण कमी पुरस्कारांच्या शाखेत असणे आणि पुरस्कार देणाऱ्या वर्तुळाबाहेर असणे, असा दुहेरी तोटा त्यांना सोसावा लागला. १९९८ साली अनीस इस्माईल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरस्कारप्राप्त डॉक्टरांच्या यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. श्वेतवर्णीय विशेषज्ञांच्या तुलनेत इतरांना पुरस्कार बरेच कमी मिळाले असल्याचे त्यातून स्पष्ट झाले.

सुधारणांचा कालखंड

यानंतर व्यवस्थेत टप्प्याटप्प्याने बदल झाले. २००३ साली इंग्लंडमध्ये विशेषज्ञांसाठी नवा करार आला. त्यात आठवड्याचे काम प्रत्येकी चार तासांच्या दहा घटकांत विभागले गेले. जुन्या पुरस्कारांच्या जागी 'क्लिनिकल एक्सलन्स अवॉर्ड' आले, त्यांसाठी अर्ज व निकष ठरले. तरीही विषमता पूर्णतः संपली नाही. प्राध्यापिका जेन डेकर यांच्या नेतृत्वाखालील २०२० च्या अहवालानुसार, कामाचे तास विचारात घेतल्यानंतरही इंग्लंडमधील रुग्णालयीन डॉक्टरांमध्ये स्त्री-पुरुष वेतनतफावत १८.९ टक्के होती.

महागाईच्या तुलनेत वेतन घसरल्याच्या तक्रारीवरून जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमधील विशेषज्ञांनी संप केला. एप्रिल २०२४ मध्ये तडजोड स्वीकारली गेली. तिच्यानुसार वेतनश्रेणीतील टप्पे कमी करण्यात आले आणि स्थानिक पातळीवर नवे पुरस्कार देण्याचे बंधन संपले. स्पेन्स समितीच्या दोन शिफारशींपैकी समान श्रेणी टिकली, पुरस्काराची व्याप्ती मात्र घटत गेली.

भारतीय संदर्भ

मानद डॉक्टरांची ब्रिटिश परंपरा मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतही दीर्घकाळ चालली. सकाळी रुग्णालयात गरिबांची सेवा व सायंकाळी स्वतःच्या दवाखान्यात अर्थार्जन, हा 'ऑनररी' डॉक्टरांचा दिनक्रम जुन्या मुंबईकरांच्या परिचयाचा आहे. ब्रिटनने १९४८ साली ही प्रथा मोडून जिल्ह्याजिल्ह्यांत पगारी विशेषज्ञ नेले. आपल्याकडे असे व्यापक पाऊल पडले नाही. केंद्र शासनाच्या मार्च २०२२ च्या आकडेवारीनुसार ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत विशेषज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. विशेषज्ञ शहरातच का राहतात, याचे उत्तर केवळ त्यांच्या सेवाभावाच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. त्यांच्या कामाचे मोल आजही प्रामुख्याने पैसे देणारा रुग्णच ठरवितो, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण आहे.

निष्कर्ष

१. विशेषज्ञांच्या उत्पन्नातील फरक केवळ कौशल्यातून उद्भवत नाही. शासन, सहव्यावसायिक आणि खाजगी रुग्ण असे तीन मूल्यमापक त्याची निश्चिती करतात.

२. शासनाने ठरविलेल्या समान वेतनश्रेणीमुळे भूलशास्त्र व वृद्धरोगशास्त्र या दुर्लक्षित शाखा उभ्या राहिल्या आणि विशेषज्ञ लहान गावांपर्यंत पोहोचले.

३. सहव्यावसायिकांनी गुप्तपणे केलेल्या मूल्यमापनाने प्रस्थापित शाखा, संस्था व वर्ण यांना झुकते माप दिले.

४. खाजगी व्यवसायाच्या सवलतीने कागदावरील समानता व्यवहारात क्षीण केली.

थोडक्यात, वेतनश्रेणी ही समाजाने कोणत्या रुग्णाला किती महत्त्व दिले याची नोंद असते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची देखभाल करणारा डॉक्टर आणि हृदयावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर यांना १९४८ साली एका पंक्तीत बसविण्यात आले, तेव्हा त्या वृद्धाचेही मोल वाढले होते. ग्रामीण आरोग्यसेवेसाठी विशेषज्ञांच्या वेतनाचा विचार करताना आपल्या धोरणकर्त्यांनी हा अनुभव, त्यातील यश आणि चुका यांसह, अभ्यासणे आवश्यक आहे.