दोन नंबरचा फाळका

दुसऱ्या महायुद्धात नाशिकवर बॉम्ब पडला नाही, पण युद्ध नाशिकच्या अंगवळणी पडलं होतं. देवळालीच्या छावणीत गोऱ्या शिपायांची ये-जा चाले. येणारे मुंबई बंदरातून येत, जाणारे तिथूनच बोट धरत. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८पासून नोटा छापल्या जात होत्या. युद्धखर्चापायी बाजारात नोटांचा एवढा पूर आला की रुपयाचा भरवसा उडू लागला. तो सावरायला विलायतेहून सोनं निघालं आणि ज्या बोटीत चढवलं, तिच्या पोटात आधीच दारूगोळा होता.

बोटीचं नाव ‘फोर्ट स्टिकीन’, नोंदणीकृत टनभार ७,१४२, कप्तान अलेक्झांडर नायस्मिथ. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी तिने बर्कनहेड सोडलं. आत १,३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा; त्यातला २३८ टन जरा धक्का लागला तरी भडकणारा. सोन्याच्या ३१ पेट्या. कराचीला थोडा माल उतरला आणि मोकळ्या जागेत कापसाच्या ८,७०० गासड्या, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक, भंगार, मासळीचं खत असं मिळेल ते भरलं गेलं. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे माल भरायच्या कप्प्यात, तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं. गावच्या वखारीतला हमालही माल असा रचायला तयार झाला नसता. पण बोटींचा तुटवडा होता, आणि रिकामी जागा ठेवणं हा युद्धकाळात गुन्हाच.

शांततेच्या दिवसांत स्फोटकांची बोट गोदीत घेतच नसत. समुद्रात उभी करून माल पडावांत उतरवत. युद्धाने हा नियमही बाजूला सारला. तिकडे कोहिमाला जपानी वेढा पडला होता, दारूगोळा तातडीने हवा होता. १२ एप्रिलला बोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागली.

शुक्रवार, १४ एप्रिल, सकाळ

तातडीचा माल दोन दिवसांनंतरही बहुतेक बोटीतच होता. गोदी कामगार नेहमीसारखे फाळक्यात उतरले. बोटीवर धोक्याचं लाल निशाण नव्हतं.

दुपारी १२.३०

कामगार जेवायला गेलेले. शेजारच्या बोटींवरून काहींना ‘फोर्ट स्टिकीन’मधून धुराची रेघ दिसली. लाल निशाण असतं तर कुणीतरी ओरडलं असतं. साध्या मालबोटीवरच्या एवढ्याशा धुराचं कुणाला काय!

१.४५च्या सुमारास

जेवून परतलेल्या कामगारांना दोन नंबरच्या फाळक्यातून धूर येताना दिसला. आरडाओरडा झाला, माणसं वर पळाली, बोटीवरचे आणि धक्क्यावरचे पंप सुरू झाले. अग्निशमन दलाला वर्दी द्यायला गेलेल्याचा फोन लागेना, म्हणून त्याने आगीच्या अलार्मची काच फोडली. काच फोडून फक्त ‘आग’ एवढंच कळतं. कशाला लागली ते कळत नाही.

२.१६ नंतर

नियंत्रण कक्षाने रिवाजाप्रमाणे दोन बंब पाठवले. आत काय भरलंय हे जवानांना बोटीवर चढल्यावर समजलं, मग आणखी बंब मागवले गेले.

२.३० ते ३.३०

सगळा घात या तासाने केला.

लष्कराच्या दारूगोळा विभागाचे कॅप्टन ओबर्स्ट आले. मालाची यादी बघताच त्यांनी बोट बुडवा म्हणून सांगितलं. पण गोदीत तळाखाली पाणीच जेमतेम. बोट टेकली असती, फाळका बुडाला नसता. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर यांचं मत बोट ओढून समुद्रात न्यावी असं. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स म्हणत होते पाणी मारत राहू. बोट हलवली तर धक्क्यावरच्या नळ्या तुटणार. तिघेही आपापल्या कामात तरबेज, आणि तिघांचंही बोलणं आपापल्या जागी खरं. नायस्मिथ मधोमध उभे. बोट त्यांची, गोदी बंदराची, माल लष्कराचा, आग बंबवाल्यांची. या सगळ्यांवर हुकूम चालवील असा एकही माणूस त्या धक्क्यावर नव्हता. या काळात आजूबाजूच्या बोटी, शेड आणि वखारी रिकाम्या करा, असंही कुणी सांगितलं नाही. लोक बघायला जमत होते.

बोटीच्या कुशीवर एका जागी रंगाला फोड येऊ लागले. आग नेमकी त्याच्या आत. पत्रा कापून तिथे पाणी घालावं म्हणून गॅस कटर मागवला. तो आला आणि चाललाच नाही. मग वरूनच पाणी, एकूण ९०० टनांवर. फाळका भरत गेला तशा जळत्या गासड्या पाण्यावर तरंगत वर सरकल्या, थेट दारूगोळ्याच्या दिशेने. आतलं पाणी उकळत होतं.

३.५०

ज्वाळा फाळक्याबाहेर आल्या. बोट सोडायचा हुकूम सुटला. बंबवाल्यांतले कित्येक मात्र नळ्या धरून तिथेच राहिले.

४.०६

बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. शेजारची जवळजवळ चार हजार टनांची ‘जलपद्म’ उचलून धक्क्यावर फेकली गेली. पेटता कापूस, लोखंड आणि सोनं शहरावर बरसलं. दूरच्या एका घरात तर अठ्ठावीस रत्तलांची सोन्याची वीट छप्पर फोडून येऊन पडली. घरमालक निवृत्त पारशी गृहस्थ, त्यांनी ती परत केली. हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावरही उमटला.

४.३४

चार नंबरचा फाळका उडाला, त्यात ७९० टन स्फोटकं होती. मधल्या अठ्ठावीस मिनिटांत जखमींना उचलायला धावून आलेले यात सापडले.

रात्र आणि पुढे

जपान्यांनी हल्ला केला, हीच वार्ता शहरभर. मांडवी आणि मशीद बंदराच्या वखारी पेटल्या. आदल्याच वर्षी बंगालमध्ये माणसं भुकेने मेली होती, मुंबईत धान्य शिधापत्रिकेवर मिळत होतं, आणि इथे हजारो टन धान्य जळत होतं. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले; १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण मृतांचा अंदाज ८०० ते १,३०० असा वेगवेगळा सांगतात. गोदीतल्या, वखारीतल्या रोजंदारीच्या मजुरांची नोंद तरी कोण ठेवत होतं! सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. आठ हजार माणसांनी सात महिने खपून पाच लाख टन ढिगारा उपसला, तेव्हा गोदी पुन्हा चालू झाली.

जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी स्फोटाची तपशीलवार बातमी दिली. मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलेली तीच गोष्ट इथल्या वृत्तपत्रांना छापायची परवानगी सरकारने दिली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात.