यंत्र नवे, कान तेच
वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेत काय किंवा मुंबईत काय, घरातील करमणुकीची साधने माणूस वारंवार का बदलतो? हौस आणि प्रतिष्ठा एवढ्याने या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांचे गायन ध्वनिमुद्रित झाले. त्या काळी तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारा ख्याल तेवढ्यात आवरावा लागे. ही उणीव रसिकांना बोचत असे. १९४८ साली अमेरिकेत दीर्घवादन तबकडी निघाली व एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. परंतु तिचा वेग मिनिटास ३३⅓ फेऱ्यांचा आणि खाचा अतिशय बारीक. ७८ फेऱ्यांच्या जुन्या यंत्राची जड पोलादी सुई तिला चालेना. अर्थात यंत्रच बदलणे प्राप्त झाले.

त्याच वर्षी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि वर्ध्याच्या परिसरास जवळचा स्वर लाभला. पुढे १९६३ साली कॅसेट आली, १९८२ साली सीडी आली. पहिलीने संगीत खिशात मावेल असे केले, दुसरीने सुईची खरखर घालविली.

प्रत्येक नव्या यंत्राने एक उणीव भरून काढली. पण घरातला जुना संग्रहही मुका केला. माळ्यावरची तबकडी शाबूत असते, तिला बोलते करणारे यंत्र मात्र उरलेले नसते. म्हणून नव्याचे स्वागत करताना जुने स्वर त्यावर उतरवून घेणे, हेच खऱ्या रसिकतेचे लक्षण होय.