रूट अधिकार, लिनक्समधील
लिनक्स संगणक प्रणालीतील सर्वाधिकारी खात्यातून नित्याची कामे केल्यामुळे उद्भवणारे सुरक्षाविषयक धोके. ‘रूट’ हे खाते बेल प्रयोगशाळेत 1969 पासून विकसित झालेल्या युनिक्समधून (पहा : युनिक्स) आले असून लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सनेही (1991) ते स्वीकारले. या खात्याचा वापरकर्ता-क्रमांक 0 असतो आणि फाइल वाचण्या-लिहिण्यावरील नेहमीचे परवाने त्याला आडवे येत नाहीत. त्यामुळे रूटने चालविलेल्या ब्राउझरमध्ये शिरलेला अपायकारक प्रोग्रॅम (पहा : संगणक विषाणू) सर्वांच्या फाइली वाचू शकतो, गाभ्यात (कर्नेलमध्ये) बदल करू शकतो आणि घुसखोरीच्या नोंदीही पुसू शकतो. चूकही तितकीच महाग पडते : फोल्डर पुसण्याच्या आज्ञेत भलत्याच ठिकाणी एक रिकामी जागा पडली, तर एका फोल्डरऐवजी प्रणालीचा मोठा भाग पुसला जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणून 1980 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील बफेलो विद्यापीठात ‘सुडो’ ही आज्ञा तयार झाली. तीमुळे एखाद्या कामापुरतेच अधिकार मिळतात व त्याची नोंद राहते. उबुंटू या लिनक्सच्या वितरणात रूट खाते मुळातच कुलूपबंद असते. तथापि सुडोही निर्दोष नव्हती. पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी 2021 मध्ये तिच्यातील एक दोष उघड केला. 2011 पासून असलेल्या या दोषामुळे सामान्य खातेदारालाही रूट होता येत असे. एसईलिनक्ससारख्या सक्तीच्या नियंत्रणामुळे रूटखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमवरही मर्यादा घालता येते (पहा : प्रवेश नियंत्रण).