निवेदकाची बोली आणि नायिकेचे बळ

ग्रामीण कथेतील बोलीचा विचार करताना आपण बहुधा संवादांपाशी थांबतो. पात्रे बोलीत बोलतात आणि निवेदक प्रमाण मराठीत सांगतो, ही विभागणी आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. तिच्यात एक अधिकारभेद दडलेला आहे : बोलणे गावाचे, त्याचा अर्थ लावणे मात्र शिकलेल्याचे.

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीने हा भेद पुसला. वैजापूरच्या महाविद्यालयात बोराडे यांनी मराठी शिकवली. ‘पेरणी’ (१९६२) हा त्यांचा पहिला कथासंग्रह. ‘पाचोळा’त गावातील शिंपी गंगारामची बायको पार्वती सारी कहाणी स्वतःच्या बोलीत सांगते. नवऱ्याचा धंदा बसतो, घर विस्कटत जाते. ते थांबवणे तिच्या हाती नाही. तरीही तिला समजावून सांगणारा कोणी तिच्या वर बसलेला नाही. तिचे बळ जिंकण्यात नाही, सांगण्याचा अधिकार न सोडण्यात आहे.

जमैकात जन्मलेल्या व कॅनडात लेखन करणाऱ्या नॅलो हॉपकिन्सन यांनी हाच अधिकार विज्ञानकथेत नेला. ‘मिडनाइट रॉबर’ (२०००) या त्यांच्या कादंबरीत परग्रहावरील निवेदनही कॅरिबियन बोलीच्या वळणाचे आहे. अत्याचारी बापाच्या हातून सुटलेली टॅन-टॅन कार्निव्हलमधील ‘रॉबर’चे सोंग घेते. हे सोंग त्रिनिदादमध्ये फर्ड्या, बढाईखोर भाषणासाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे नायिकेचे शस्त्र पुन्हा भाषाच.

मराठी विज्ञानकथेने ही वाट फारशी चोखाळली नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, त्यानंतर हा प्रकार बहरला. विज्ञानप्रसार हा त्यामागील एक प्रमुख हेतू असल्याने पाठ्यपुस्तकाजवळची प्रमाणभाषा सोयीची ठरली. परंतु त्यातून नकळत असा समज रुजला की बोली ही भूतकाळाची आणि भविष्यकाळ प्रमाणभाषेचा.

आपली परंपरा याहून उदार आहे. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, त्याने आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, अशी नागदेवाचार्यांची भूमिका ‘स्मृतिस्थळा’त नोंदलेली आहे. तत्त्वज्ञान ज्या बायकांच्या भाषेत मावले, तिच्यात अंतराळ का मावू नये? घरी बोली बोलणारी मुलगी वर्गात विज्ञानकथा लिहू लागते, तेव्हा तिच्या निवेदकाची भाषा ‘शुद्ध’ करण्याआधी आपण अध्यापकांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.