तांबेरा उन्हाळा कोठे काढतो?

नर्मदेच्या खोऱ्यातील गव्हाची शेते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूरवर प्रसिद्ध होती. 1820 च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच शेतांवर तांबेऱ्याची धाड पडली. मैलोगणती उभे पीक गेले आणि पुष्कळ शेतकऱ्यांनी कापणीचा खर्चही वाया जाईल म्हणून शेते तशीच सोडून दिली. ठगांच्या बंदोबस्तासाठी विख्यात असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन याने आपल्या 1844 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या अनर्थाची हकीकत नोंदविली आहे. लोकांनी त्या वेळी दैवी कोप आणि माणसाचे पाप यांत कारण शोधले. त्यात नवल नव्हते. ज्या शत्रूची वाट दिसत नाही, त्याला माणूस दैवाचे नाव देतो.

वास्तविक तांबेरा ही एक बुरशी होय. गव्हाच्या जिवंत पेशींतूनच तिला अन्न मिळते. पीक वाळले की तिचा आधार तुटतो. तिचे लाल बीजाणू वाऱ्याबरोबर उडतात आणि ओलसर पानावर वा खोडावर पडले की रुजतात. हंगाम सरत आला की काळ्या तांबेऱ्याला जाड कवचाचे काळे बीजाणू येतात. थंड देशांतील हिवाळा तो या कवचाच्या बळावर काढतो. वसंत ऋतूत त्यांपासून झालेले बीजाणू गव्हावर न जाता दारुहळदीच्या जातीच्या झुडपावर वाढतात आणि तेथून रोग पुन्हा गव्हावर येतो. जर्मन शास्त्रज्ञ दे बारी याने 1865 साली हे प्रयोगाने सिद्ध केले. त्याच ज्ञानाच्या आधारे अमेरिकेत 1918 पासून ही झुडपे उपटून काढण्याची मोठी मोहीम झाली.

भारतात मात्र हे उत्तर लागू पडेना. येथे दारुहळद वाढते ती डोंगराळ प्रदेशांत. गहू पिकतो तो प्रामुख्याने मैदानांत. शिवाय येथील संकट थंडीचे नसून उन्हाचे आहे. फाल्गुन-चैत्रात गहू खळ्यावर येतो आणि पुढे दोन-तीन महिने जमीन भाजून निघते. पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. शेतात हिरवे गव्हाचे पान नाही, आणि तरीही पुढच्या रब्बीत तांबेरा हजर! मग हा उन्हाळा तो काढतो तरी कोठे?

या प्रश्नाचा पिच्छा आग्रा कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी पुरविला. 1923 च्या सुमारास त्यांनी हे काम हाती घेतले. 1930 नंतर सरकारी कृषि-संशोधन परिषदेचे साहाय्य मिळून शिमल्यास त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. मैदानांतील उन्हात लाल बीजाणू तग धरतात काय, डोंगरांत कोणत्या महिन्यात कोठे रोग दिसतो, हवेत बीजाणू केव्हा येतात, याची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद ठेवली. हवेतील बीजाणू पकडण्यासाठी चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या ठिकठिकाणी मांडल्या. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाने निर्णय दिला तो असा: मैदानांतील कडक उन्हाळ्यात तांबेरा नष्ट होतो. तो टिकतो थंड डोंगरांत, जेथे अवेळी पेरलेला किंवा आपोआप उगवलेला गहू त्याला आसरा देतो. आणि तेथून वाऱ्यावर स्वार होऊन तो दरवर्षी नव्याने खाली येतो. दारुहळदीचा यात हात नाही.

शोध लागला, पण उपाय सोपा नव्हता. डोंगरांतील अवेळी गहू बंद करावा, हा मेहतांचा सल्ला शास्त्रदृष्ट्या बिनतोड होता. परंतु मैदानातील शेतकऱ्याचे पीक वाचावे म्हणून निलगिरीतील वा पळणीतील शेतकऱ्याने आपला गहू सोडावा काय? दोघेही शेतकरीच, आणि दोघांचीही भाकरी त्यातच. दरम्यान 1946-47 च्या हंगामात मध्य भारतावर काळ्या तांबेऱ्याची पुन्हा भीषण साथ आली, आणि तीही देशात धान्याची चणचण असताना. मेहता 1950 साली निवर्तले.

पुढील पिढीने दोन वाटांनी काम नेले. दिल्लीच्या कृषि-संशोधन संस्थेत बी. पी. पाल यांनी तांबेऱ्याला दाद न देणारे वाण सिद्ध केले. तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारा एन. पी. 809 हा गहू 1954 साली शेतकऱ्यांच्या हाती आला. दुसरीकडे एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात हवामानाच्या नोंदी तपासून बीजाणूंचा मार्ग रेखला. बंगालच्या उपसागरातील वादळांच्या सुमारास दक्षिणेच्या डोंगरांवरून वाहणारे वारे काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू मध्य भारतावर आणतात, आणि पावसाच्या सरींबरोबर ते कोवळ्या गव्हावर उतरतात. निलगिरीतील वेलिंग्टन येथे आता गव्हाच्या वाणांची तांबेऱ्याविरुद्ध परीक्षा होते. रोगाचा आश्रय हाच त्याच्याविरुद्धचा आखाडा बनला. महाबळेश्वरच्या संशोधन-केंद्रातही हेच काम चालते.

सर्व बुरशा मात्र अशा स्थलांतर करीत नाहीत. मर रोग आणणारी फ्युझेरियम जागच्या जागी दिवस काढते. तिचे तंतू व पेशी एकमेकांस बिलगून स्वतःभोवती शर्करायुक्त द्रव्ये, प्रथिने इत्यादींचे चिकट आवरण निर्माण करतात. शास्त्रज्ञ त्या थरास जैवपटल म्हणतात. या आवरणातील पेशी उष्णता, थंडी आणि औषधे यांपुढे सुट्या पेशींपेक्षा अधिक टिकतात, असे अलीकडच्या प्रयोगांत आढळले आहे. मातीत कवचबंद बीजाणूंच्या रूपानेही ती वर्षानुवर्षे राहू शकते.

एक शत्रू पळून जाऊन वाचतो, दुसरा पांघरूण घेऊन. म्हणूनच रोग शेतात दिसतो त्या दिवसांइतकेच तो दिसत नाही ते दिवसही महत्त्वाचे ठरतात. पीक उभे असताना जे ध्यानात येत नाही, ते रिकाम्या शेताच्या दिवसांत शोधावे लागते, हा मेहतांच्या कष्टांचा धडा होय.