भुसावळचं स्पेलिंग: कान कुणाचा, अक्षर कुणाचं?

भुसावळ जंक्शनच्या पाटीवर गावाचं इंग्रजी नाव ‘व्ही’ वापरून लिहिलंय. गावात फिरलात तर ‘डब्ल्यू’ असलेल्या पाट्याही भरपूर दिसतील. यातलं बरोबर कोणतं? संशोधन करायचं असेल तर प्रश्न जरा बदलून विचारू: हे नाव ज्यानं ऐकून लिहिलं, त्याच्या भाषेत कोणते ध्वनी होते?

इंग्रजीत ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे ध्वनी आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. मराठीत मात्र व एकच. त्यामुळे लिहिणाऱ्याला दोनपैकी एक अक्षर निवडावंच लागलं. भ इंग्रजीत नाही, म्हणून ‘बी’ला ‘एच’ जोडला. ळ पण नाही. तिथे ‘एल’वर भागवलं.

आता तेच नाव तमिळ भाषकाला ऐकवा. त्याच्याकडे ल आणि ळ दोन्ही आहेत. शिवाय तिसरा ध्वनीही आहे, ‘तमिळ’ या शब्दाच्या शेवटी येणारा. त्यात जीभ मागे वळते, पण टाळूला टेकत नाही. आपण तो ळ लिहितो. इंग्रजीत कधी ‘एल’, कधी ‘झेडएच’ लिहितात. उलट प, फ, ब, भ या चौघांसाठी तमिळ लिपीत एकच अक्षर आहे. म्हणजे नावाच्या शेवटी इंग्रज अडतो, तमिळ माणूस अडत नाही. सुरुवातीला मात्र दोघंही अडतात.

याचा इतिहासाशी संबंध काय? जुन्या इंग्रजी कागदांत साधा ‘एल’ दिसला, तर मूळ शब्दात ल होता की ळ, हे त्यावरून कळत नाही. काल आणि काळ, वेल आणि वेळ तिथे सारखेच दिसतात. खानदेशात तर अजून एक पेच आहे. इथल्या बोलीत ळ चा य होतो: डोळा म्हणजे डोया, जळगाव म्हणजे जयगाव. इंग्रजी कागदात हा य सापडणार नाही, कारण कारकुनानं नाव बहुधा प्रमाण मराठीतून घेतलेलं असतं. कागदात नाही म्हणून लोक तसं बोलत नव्हते, असा निष्कर्ष काढलात तर चुकाल.

याच्या उलट उदाहरण बहिणाबाई चौधरींचं (1880–1951). त्यांची गाणी घरच्याच माणसांनी टिपून घेतली आणि 1952 मध्ये ती पुस्तकरूपानं आली. ऐकणारा त्याच बोलीतला, आणि लिपीत ळ आणि य दोन्ही हाताशी. म्हणून तिथे य टिकला. ध्वनीच्या इतिहासासाठी हा पुरावा सरकारी कागदापेक्षा भारी आहे.

हे फक्त स्पेलिंगपुरतं नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठी 1905 च्या सातव्या खंडात आली, तर खानदेशी 1907 मध्ये भिल्ली भाषांसोबत नवव्या खंडात. आपली बोली मराठीची की वेगळी, हा वाद घालताना आजही लोक या नोंदीकडे बोट दाखवतात. आणि वर्गात ‘डोया’ म्हणणाऱ्या पोराला हसतात, ते वेगळंच.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चेन्नईच्या बोलीतही तमिळचा तो तिसरा ध्वनी य होतो: पळम, म्हणजे फळ, तिथे ‘पयम’ होतं. बघून मजा वाटते, पण एवढ्यावरून खानदेशी आणि तमिळचं नातं जोडू नका. जीभ मागे वळवायचे कष्ट वाचवताना दोन भाषा आपापल्या वाटेनं एकाच ठिकाणी पोचू शकतात. नातं सांगायचं तर नियमित जुळणाऱ्या शब्दांची मोठी यादी हवी. एक बदल पुरत नाही.

तेव्हा जुना कागद हातात आला की आधी तीन गोष्टी वहीत लिहा: बोललं कोण, ऐकलं कोण, आणि लिहिणाऱ्याकडे अक्षरं कोणती होती. मगच स्पेलिंगवर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवा.