दिवाण-ए-खासचं छत

मी रायपूरच्या भनपुरीचा. दिल्लीत एक दिवस मोकळा मिळाला, सोबत कोणी नव्हतं. एकट्यानं फिरण्याचा फायदा एवढाच, की एका जागी तासभर थांबलं तरी कोणी 'चला आता' म्हणत नाही.

सकाळी तालकटोरा. १७३७ मध्ये पहिले बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीवर धडकले, ते याच भागात. छाती फुगली, खोटं कशाला बोलू!

दुपारी लाल किल्ला. दिवाण-ए-खासमध्ये मान वर केली. आज तिथे लाकडी छत आहे. मूळ छताला चांदी होती, आणि ती उतरवली आपल्याच लोकांनी, १७६० साली. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, पण पैसा संपलेला, माणसं-जनावरं उपाशी. सदाशिवरावभाऊंनी चांदी काढून नाणी पाडली. सुमारे नऊ लाख रुपये झाले म्हणतात. एवढ्या फौजेला ते किती दिवस पुरणार?

याच महालातलं मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहानं नेलं. त्याला आपण बिनदिक्कत लूट म्हणतो. मग याला काय म्हणायचं? माझ्या मते लूटच, फक्त भुकेपोटी केलेली.

पुढे १४ जानेवारी १७६१, पानिपत. नागपूरकर जानोजी भोसले त्या रणात नव्हते. त्यांचे भाऊ बिंबाजी तेव्हा आमच्या छत्तीसगडात, रतनपूरला कारभार बघत होते. भनपुरीवरून जाणारा रस्ता बिलासपूरला जातो, रतनपूर त्याच्या जरा पुढे. तिथे मी कितीदा गेलोय. भाऊंची फौज उपाशी असताना रतनपूर कुणाकडे होतं, हे मात्र त्या छताखाली पहिल्यांदा डोक्यात आलं.